मीटरवरचं झाकण

दिपेशच्या मोटारसायकलचं फुटलेलं मीटर मी भंगारातल्या सामानातून जुळवून दिलं. काटा एका गाडीचा, केबल दुसरीची, वरचं काचेचं झाकण तिसरीचं. झाकणाचा कोपरा उडालेला होता, पण तो म्हणाला, "चालेल रे संदेश. काटा हलला म्हंजे झालं."

चार दिवसांनी टोकावड्याच्या नाक्यावर गणूनं त्याला अडवलं. गणूच्या आईला, सकुबाईला, आठवड्यापूर्वी कुणीतरी मोटारसायकलनं उडवून पळालं होतं. तिच्या लुगड्यात अडकलेला काचेचा तुकडा घेऊन गणू रोज नाक्यावर उभा राहायचा आणि येईल त्या गाडीच्या मीटरला तो लावून बघायचा.

दिपेशच्या मीटरवर तो बरोब्बर बसला.

मग काठ्या निघाल्या, साखळ्या निघाल्या. आरडाओरडा ऐकून मी गॅरेजमधून तसाच धावलो. दिपेशचा हात कोपरातून उलटा वळला होता, तरी तो ओरडतच होता, "मी नाय रे! सकुमावशीला मी कशाला मारीन?" रक्तानं भरलेल्या डोळ्यांनी त्यानं मला गर्दीत शोधलं. "संदेश, तू तरी सांग ना यांना, हे मीटर तर..."

मी हातातला पाना त्याच्या तोंडावर घातला. दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर दिपेश काही बोलला नाही. मुरबाडला नेईपर्यंत तो गेलाच होता.



ते झाकण मी माझ्याच गाडीचं काढून दिलं होतं.