भट्टीतले तिघे

"राजाने भट्टीत टाकलेल्या त्या तिघांची नावं सांगा बघू," नातीने विचारलं आणि चर्चच्या मागच्या हॉलमधल्या अकराच्या अकरा बायकांनी ती पाढे म्हटल्यासारखी एका दमात म्हणून टाकली. शिवणवाल्या मावशींनी तर वर 'हे काय विचारणं झालं?' असाही चेहरा केला.

नातीला नेमकं हेच हवं होतं. वय सोळा, हातात माईक पहिल्यांदाच, आणि आवाज असा खणखणीत लागलेला की तिचं तिलाच कौतुक वाटत होतं.

"ही त्यांची नावंच नाहीत," ती म्हणाली. "ही राजाच्या अधिकाऱ्याने दिलेली. घरची नावं कोणाला येतात?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग पहिल्या रांगेतून आजीने, बायबल न उघडता, तिन्ही घरची नावं सांगितली. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात ती चाळीस वर्षं मेट्रन होती. अजूनही ती आत शिरली की बायका आपोआप ताठ बसत. आपल्या आजीला येणारच, म्हणून नात फुलून गेली.

वाद होता एका कादंबरीचा. पूर्वी परक्यांचं राज्य असलेल्या कुठल्याशा दूरच्या देशातली गोष्ट. तिच्यातली मेट्रन मिशनच्या शाळेत आलेल्या मुलींचे केस कापते आणि भिंतीवरची यादी बघून एकेकीला नवं नाव देते. मागच्या शनिवारी यावरून वाचनमंडळात चांगलीच जुंपली होती. असलं पुस्तक विश्वासणाऱ्यांच्या घरात नको, यात आपल्याच माणसांवर चिखल उडवलाय, असं म्हणत मावशींनी ते परत पाठवायचं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. तेव्हा पाळकांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, नातीला कामाला लावलं: बायबल शेजारी ठेवून वाच आणि सांग, ठेवायचं की पाठवायचं.

नातीने आठवडाभर दोन्ही पुस्तकं अंथरुणात घेऊन झोपून आज बाजी मारली होती. बायबलमधल्या त्या राजाने जिंकलेल्या शहरातून या तिघांसारखी हुशार पोरं उचलून नेली, त्यांना आपली भाषा शिकवली, आपल्या पंगतीचं जेवण नेमून दिलं, शेवटी नावंही बदलली. मग ही कादंबरी बायबलच्या विरुद्ध कशी? बायबलनेच तर ती आधी सांगून ठेवलीय. पोरगी वकील होणार, असं मावशी पुटपुटल्या आणि हरलेल्या तोंडाने म्हणाल्या, राहू दे बाई पुस्तक.

मंडळाची रीत अशी की शेवटी प्रत्येकीने सांगायचं, या गोष्टीत मी कोण. एकेक जण उठली आणि म्हणाली, मी त्या तिघांतली. ऑफिसात वरचे साहेब नीट नाव घेत नाहीत म्हणून टायपिस्ट तिघांतली, हाताखालच्या पोरी ऐकत नाहीत म्हणून नर्सही तिघांतलीच. मावशी म्हणाल्या, मी रोजच भट्टीत असते, इस्त्रीपुढे उभी राहून बघा एकदा. हशा पिकला. तिघांचे दहा झाले तरी कोणाला काही वाटलं नाही.

आजीची पाळी आली. खुर्चीच्या पाठीला धरून ती उभी राहिली.

"मी त्या तिघांत नाही," ती म्हणाली. "मी अधिकारी."

मागून कोणीतरी हसलं. नात हसली नाही. आजी थट्टा करत नसे.

हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात आजी सांगत गेली. यादी तिच्याकडेही होती, शास्त्रातल्या नावांची. जी येईल तिला पुढचं नाव. जुनं नाव कुठेच लिहून ठेवत नसत, कशाला उगाच. एका दुपारी फाटकाशी एक माणूस आला, तीन दिवस चालून. त्याने आपल्या मुलीचं नाव सांगितलं. आजीने वही काढली, बेचाळीस नावांवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. तसं नाव नव्हतं. नाही म्हणून सांगितलं. खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. वही बघायची तसदी घेतली म्हणून त्याने तिचे आभार मानले.

"मग गेला तो?" नातीने विचारलं. माईक तोंडाजवळच होता, त्यामुळे प्रश्न हॉलभर घुमला.

"जाता जाता एकदा हाक मारली त्याने. मोठ्यांदा. मुली जेवणाच्या रांगेत उभ्या होत्या. एकीने मान वळवली."

वहिनी उठल्या, आजीला बसवायला म्हणून त्यांनी तिचा दंड धरला. आजी बसली नाही.

"मी म्हटलं, रांगेत मागे बघायचं नाही."

मावशींनी मांडीवरचं पुस्तक हळूच शेजारच्या खुर्चीवर सरकवलं. नातीने माईक खाली घेतला. आता तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचेना. तिला दोनदा विचारावं लागलं, मग त्या मुलीने काय केलं.

"गुणी पोर होती," आजी म्हणाली. "लगेच पुढे बघितलं."