पंचांचा कान

आमदारांच्या जनता दरबारात मी नळाची तक्रार घेऊन उभी होते. कडेवर लेक होती. "साधी सर्दी आहे, उगाच घाबरतेस," सासूबाई सकाळपासून म्हणत होत्या.

माझा नंबर येताच आमदारांनी हात वर करून मंडप गप्प केला. पूर्वी ते कबड्डीचे पंच होते. चढाई करणाऱ्याचा दम तुटला, की गोंगाटातही त्यांना कळायचं. त्यांनी लेकीच्या छातीशी कान नेला.

"ताई, नळाचं राहू द्या. हिला श्वास पुरत नाहीये. माझी गाडी घ्या!"

"साहेब, सकाळपासून हेच सांगतेय मी!" मला रडूच फुटलं.

डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. वेळेत पोचलो होतो.

संध्याकाळी आमदारांचा फोन आला. मी आभार मानू लागले, तर म्हणाले, "आधी फोन बाळाजवळ धरा."

बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले.

"छान. आता तुम्ही जेवून घ्या, ताई."