नावातली दुरुस्ती

"कचरी बाजीराव!"

खिडकीमागच्या क्लार्क बाईंनी तिसऱ्यांदा नाव पुकारलं. बाकावरून कोणीच उठलं नाही.

"आत्या, ऊठ ना. आपलाच नंबर आहे," कपिल हळू आवाजात म्हणाला.

"माझं नाव न्हाई घेतलं त्यांनी," यशोधरा म्हणाली आणि मांडीवरची पिशवी सरळ करत बसून राहिली.

ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. पहाटेच्या एसटीने खोडदहून तहसील कार्यालयात आली होती. बापाच्या पावणेदोन एकरांची वाटणी व्हायची होती आणि त्यासाठी तिच्या संमतीची सही हवी होती. अडचण एवढीच, की सातबाऱ्यावर तिचं नाव कचरी होतं आणि बाकी सगळीकडे यशोधरा. दोघी एकच आहेत हे सांगायला लहानपणापासून ओळखणारा माणूस पाहिजे होता. तसा एकच उरला होता, तिच्या वर्गातला सावळाराम. कपिलने त्याला पारगावहून मोटरसायकलवर बसवून आणलं होतं.

शेवटी कपिलनेच हाताला धरून आत्याला खिडकीपाशी नेलं. सावळाराम काठी टेकत मागे आला.

"हे आजोबा ओळख लिहून देतील," बाईंनी कागद पुढे सरकवला. "आजी, तुम्ही खाली 'कचरी' अशी सही करा. लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल."

"लिवता येतं मला. पर कचरी न्हाई लिवायची."

"मग नावदुरुस्तीचा अर्ज करावा लागेल. तलाठ्याचा अहवाल, नोटीस, सुनावणी. पाच-सहा महिने धरा."

कपिलचा चेहरा उतरला. "आत्या, दोन मिनिटांचं काम आहे. वाटणी झाली की पावसाआधी घराचा पाया घालतो. पोरांनी तिसरा उन्हाळा काढला पत्र्याखाली. एका नावानं काय होतंय?"

यशोधराने त्याच्याकडे पाहिलं. "तुजं नाव कुणी ठेवलं?"

"तू."

"बारा दिवस शोधत व्हते मी. तुजा बाप म्हणत व्हता, कायबी ठेव, नावानं काय व्हतंय."

बाईंनी तोवर कागद सावळारामपुढे धरला. त्याने चष्मा पुसला, बोट फिरवत दोन ओळी वाचल्या आणि पेन खिडकीच्या फळीवर ठेवून दिलं.

"हे मी न्हाई लिवून देणार."

"बाबा, अहो, तुम्हाला यासाठीच तर आणलं!"

"ठावं हाय." सावळाराम बाईंकडे वळला. "बाई, छप्पन सालच्या दीक्षेनंतर हिच्या बापानं हिचं नाव बदललं. शाळेत येऊन मास्तरला सांगून गेला. मास्तरनं काय बदललं न्हाई. रोज हजेरीला जुनंच नाव घ्यायचा. ही दारापाशी बसल्याली, समोर दिसायची, पर ओ द्यायची न्हाई. वर्षभर एक दिवस शाळा चुकवली न्हाई आन् वर्षभर गैरहजर. नापास केली तिला."

रांगेतली माणसं ऐकू लागली होती. तो थांबला.

"आन् मी मागं बसून पोरीच्या आवाजात 'हजर' म्हणायचो. आख्खा वर्ग हसायचा."

"लई चांगला काढायचास आवाज," यशोधरा म्हणाली. तिने मान वळवली नाही.

सावळारामने मान खाली घातली. "त्या नावाला तवा हजर म्हणलो, तेवढं बास झालं. आता कागदावर न्हाई म्हणायचो."

रांगेतून "चला, आवरा राव" असा आवाज आला, पण तो अर्ध्यावरच थांबला. बाईंनी पहिला कागद काढून घेतला आणि खणातून नावदुरुस्तीचा अर्ज दिला.

कपिलने भिंतीला अर्ज टेकवून भरायला घेतला. मधेच गवंड्याचा फोन आला. "पाया आता दिवाळीनंतर," त्याने सांगितलं आणि पुढचं काही न ऐकता फोन ठेवला. मग अर्जाकडे बघत म्हणाला, "आत्या, दुरुस्तीचं कारण काय लिहू?"

"लिव, चूक हाय."

"कोणाची?"

"ते त्यांनी शोधायचं. सा महिने हायेत त्यांच्याकडं."

त्याने तेवढंच लिहिलं. साक्षीदाराच्या जागी सावळारामने सही केली. त्याच्या वरच्या ओळीत त्याने स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'यशोधरा बाजीराव हिला मी लहानपणापासून ओळखतो.' यशोधराने ते वाचलं. त्याची काठी घसरत होती, ती तिने धरून ठेवली.

मग तिने पेन घेतलं. एकेक अक्षर जोर देऊन, सावकाश काढू लागली.

"आजी, चौकटीत करा," बाई म्हणाल्या. "बाजूची जागा कार्यालयाची आहे."

'य', 'शो' आणि 'ध' मिळून चौकट भरली होती.

"मावत न्हाई," यशोधरा म्हणाली आणि 'रा' तिने कार्यालयाच्या जागेत लिहिला.