चेंडू ज्याच्या हातात

क्रिकेट क्लबच्या बैठकीत सगळे एकदम बोलायचे, म्हणून कप्तानांनीच कधीकाळी नियम घातला होता: जुना चेंडू ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. पुढे आजारपणात त्यांची वाचा गेली आणि तेव्हापासून चेंडू मोठ्या आदरानं त्यांना वगळून पुढे जाऊ लागला. त्यांना घेऊन येणाऱ्या काकू दाराशी विणत बसायच्या. नवऱ्याला असं गाळलेलं त्यांना दर वेळी टोचायचं.

आज मुलींसाठी सकाळचा सराव सुरू करायचा का, यावर खल चालला होता. "पुढच्या वर्षी बघू," म्हणत सेक्रेटरींनी विषय गुंडाळायला घेतला, तोच कप्तानांनी हात पुढे केला. सेक्रेटरींनी ओशाळून चेंडू दिला. कप्तानांनी तो बोटांत फिरवला आणि थेट दाराकडे फेकला.

काकूंनी तो डाव्या हातानं अलगद झेलला. उजव्या हातातल्या सुया हलल्यासुद्धा नाहीत.

"काकू, आता बोलावं लागेल हं," कोणीतरी हसून म्हणालं.

"बोलते की. मुली तयार आहेत, सकाळी मैदान ओस पडलेलं असतं. मग घोडं अडलंय कुठं?"

"अहो, पण त्यांना शिकवणार कोण?" हातात चेंडू नसतानाच सेक्रेटरी बोलून गेले.

"मी. लग्न झाल्यापासून परसात यांना बॉलिंग कोण टाकत होतं, ते विचारा यांनाच."

सगळ्या माना कप्तानांकडे वळल्या. कप्तानांनी सेक्रेटरींकडे पाहत, पंच फलंदाजाला बाद देतो तसं, सावकाश एक बोट वर केलं.