राजाजवळचं प्यादं

अमरावतीच्या बुद्धिबळस्पर्धेत चारुशीलाच्या लेकीला, इशिताला, बक्षिसासाठी शेवटच्या डावात नुसती बरोबरी पुरत होती. “हारली तं चेस बंद,” असं नवऱ्याने अकोल्याहून निघतानाच बजावलं होतं. तरी पोरीने सुरुवातीलाच राजाजवळचं प्यादं बळी देऊन हल्ला चढवला. हा गँबिट चारुशीलानेच नवऱ्याच्या नकळत शिकवला होता. लग्नाआधी ती स्वतः असंच खेळायची. हल्ला थोडक्यात फसला आणि उघड्या पडलेल्या राजाला पळायला जागा उरली नाही. बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, “फुकटात प्यादं कावून दिलं? कोणी शिकवलं तुले हे?” चारुशीला इशिताच्या बॅगेची चेन लावू लागली. इशिताने आईकडे पाहिलं. “कोणीच नाही, बाबा,” ती म्हणाली. “मग संपलं आता,” म्हणत त्याने गाडी काढली. अकोल्यापर्यंत लेक मागे रडत राहिली. चारुशीलाला वळून बघवलं नाही.