मानाचा फोटो

"अजून वढ, चांदभाई! अजून वढ!" शेषेराव खुर्चीतून अर्धे उठले होते.

भोकरला चांदपाशाच्या फोटो स्टुडिओत एका वेळी चार माणसं मावतात. आज टेम्पो करून आलेलं निम्मं गाव आत होतं आणि उरलेलं दाराच्या काचेला नाक लावून उभं होतं. कॉम्प्युटरवर कालच्या पोळ्याचा फोटो होता. म्हणजे, होता असं म्हणायचं. वर आंब्याच्या पानांचं तोरण ओळखू येत होतं, खाली सगळा धुरळ्यात कालवलेला रंग.

गावात पोळ्याचा मान पाटलांच्या बैलाचा. पाटील बैल विकून पुण्याला राहायला गेले, तेव्हा गावानं ठरवलं, की तोरणाखालून ज्याचं जनावर आधी जाईल, त्याच्या घरी वर्षभर मान. काल शेषेरावांचा तांबडा आणि भुजंगचा पांढरा एकदमच सुटले. फोटो काढला एकट्या भुजंगच्या जावयानं, तोही पळता पळता.

चांदपाशानं पडद्यावरची पट्टी उजवीकडं सरकवली. पांढऱ्या ढगाला शिंगं आली.

"आला रं माझा राजा!" भुजंग ओरडला. दारातून शिट्ट्या वाजल्या.

पट्टी अजून सरकली. तांबड्या ढगाला वशिंड आलं, मग कपाळावर बाशिंग आलं. शेषेरावांनी मांडीवर थाप मारली. एवढी धडधड त्यांना स्वतःच्या लग्नातही झाली नव्हती.

"नाकाड बघा! कुणाचं पुढं हाय, नीट बघा!"

"दादा, जरा दमानं," चांदपाशा म्हणाला. "लई साफ करायला गेलं की मशीन मनानंच भरतंय. परवा एका नवरदेवाला सहावं बोट फुटलं."

"फुटू दे. तू वढ!"

चांदपाशानं ओढलं. दोन्ही नाकांच्या पुढं एक काळी सावली होती, ती हळूहळू आखडत गेली. तिला चार पाय आले. मग शेपूट आलं. मग डावा कान आला, तो फाटका होता.

तोरण ओलांडून चांगलं दोन हात पुढं, एक रेडकू मजेत पळत होतं.

"माझं हाय ते," कोपऱ्यातून आवाज आला. मल्लम्मा निराधार पेन्शनच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो काढायला आली होती आणि या गडबडीत सकाळपासून स्टुलावर बसून होती. गावात तिला ना शेत, ना बैल. एक म्हैस आणि तिचं हे रेडकू. "काल दावं तोडून गेलतं मेलं."

"मशीननं मनानं भरलं," शेषेराव म्हणाले.

"मनानंच," भुजंग म्हणाला. पाटील गेल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"मशीन परदेशी हाय, दादा," चांदपाशा म्हणाला. "मल्लम्मा मावशीच्या रेडकाचा कान फाटका हाय, हे त्याला कुठून ठाव?"

भुजंगनं घसा खाकरला. "शेषेराव दादा, खरं सांगू का? काल तुमचाच तांबडा पुढं होता. मी डोळ्यानं बघितलं."

"न्हाई, न्हाई," शेषेराव घाईनं म्हणाले. "तुमचाच राजा पुढं होता. नाकभर तरी."

"तुमचाच हो!"

"अहो, तुमचाच!"

दाराबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग काचेला लावलेली सगळीच नाकं हसायला लागली. "मान मल्लम्माचा!" मागून एकजण ओरडला. "ठरलं ते ठरलं!"

मल्लम्मा स्टुलावरून उठली. पडद्याजवळ जाऊन तिनं रेडकाच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली.

"पुढच्या पोळ्यापतोर शिंगं येतील त्याला," दोघांकडं वळून ती म्हणाली. "रंग कुणी आणायचा, ते तेवढं तुम्ही आपसात ठरवा."