टेपने पुसलेले डोळे

"हात वर कर," थोरला म्हणाला. धाकट्याने दोन्ही हात वर केले. छातीचं माप घ्यायचं होतं, पण लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दुकानात दरोडा पडलाय आणि दरोडेखोराच्या तोंडात टाचण्या आहेत.

धाकट्याला कोट हवा होता. रविवारी वाचनालयात त्याच्या ब्लॉगचा सत्कार होता. ब्लॉगवर तो दर आठवड्याला स्वतःला आरसा दाखवायचा आणि आरशात बहुतेक वेळा चांगलाच दिसायचा. सत्कार मात्र एकाच लेखासाठी होता. तीन वर्षांपूर्वी थोरला त्याच्या ऑफिसात आला होता. गळ्यात टेप, हातात धाकट्याची ऑल्टर केलेली पँट. साहेबांनी विचारलं, हे कोण? धाकटा म्हणाला, आमचे टेलर. थोरल्याने ते ऐकून घेतलं आणि उलट साहेबांनाच विचारलं, तुमचंही काही आखूड करायचंय का?

इथवर लेखात सगळं खरं होतं. पुढे धाकटा दुकानात जाऊन पाय धरतो. थोरला टेपने डोळे पुसतो आणि म्हणतो, "वेड्या, माफी म्हणजे उसवलेल्या नात्याला घातलेला टाका." प्रत्यक्षात धाकटा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. दुकानात गिऱ्हाइकं दिसली. तो घरी परतला आणि उरलेली माफी टाइप केली.

तेराशे लोकांनी ती वाचली. थोरला वाचेल असं काही त्याला वाटलं नव्हतं. थोरला पेपरसुद्धा कटिंगचे नमुने कापायलाच घ्यायचा.

आता वाचनालयवाल्यांना स्टेजवर दोघं भाऊ हवे होते. म्हणून आधी खरी माफी मागायची, मग आमंत्रण द्यायचं, असं ठरवून धाकटा आला होता. अर्धा तास झाला होता. अजून तो अस्तराच्या रंगावर बोलत होता.

थोरल्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ते टाक्याचं वाक्य पाठ करायला मला दोन दिवस लागले," तो म्हणाला. "लोक म्हणायला लावतात. आणि टेपने डोळे पुसलेत म्हणे मी. टेप रेक्झिनची असते रे. पाणी टिपत नाही. एखादी चिंधी तरी द्यायचीस हातात."

धाकट्याचे कान तापले. थोरला कंबर मोजता मोजता सांगत राहिला. लेख वाचून लोक दुकान शोधत येतात. स्वतःच्या भावाकडे जायचं धाडस होत नाही, म्हणून थोरल्याचीच माफी मागतात. दादा, मी तुमचा भाऊच, म्हणतात आणि रडतात. एकाने तर मेहुण्याची मागितली. थोरला पाणी देतो, वाक्य म्हणतो. दोघं जण जाताना पँटी शिवायला टाकून गेले. आतापर्यंत असे अकरा भाऊ झाले.

"दादा, त्या दिवशी मी..."

"हलू नकोस. माप चुकतं."

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांचा एप्रन न्यायला आल्या. वर गेलेले हात आणि भरलेले डोळे बघून दारातच थबकल्या. "हेच का तुमचे भाऊ? ते लिहिणारे?"

थोरल्याने धाकट्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कापड आटेल की नाही ते बघतात तसं.

"नाही हो. गिऱ्हाईक आहेत."

"मी भाऊ आहे यांचा," धाकटा म्हणाला. तीन वर्षांनी, परक्या माणसासमोर, मोठ्याने. आवाज मध्येच फाटला. "सख्खा."

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं.

"सगळे असंच म्हणतात," थोरला त्यांना हळूच म्हणाला. मग त्याने टेप गळ्यात टाकली आणि धाकट्याकडे वळला.

"हात खाली घ्या, साहेब. माप झालं."